पेन ड्राइव्हमधली चार हजार गाणी

मिरजेहून एका वाचक भगिनींनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

‘सप्रेम नमस्कार. माझे वय ५२ आहे. गेल्या दिवाळीत भाच्याने गाडीत लावायला एक पेन ड्राइव्ह भरून दिला. त्यात जुनी-नवी मिळून चार हजारांवर गाणी आहेत. कुठून उतरवलीस असे विचारले, तर “नेटवरून, सगळेच करतात” असे तो म्हणाला. अकरावीत शिकणारी माझी मुलगी मात्र तेव्हापासून गाडीत गाणी लागली की म्हणते, “आई, ही चोरी आहे.” तो शब्द मला फार लागतो. आमच्या घरात कुणी कुणाची पेन्सिलसुद्धा न विचारता घेतलेली नाही. माझे वडील पखवाज वाजवत. १९८८ साली निघालेल्या भजनांच्या एका कॅसेटला त्यांनी साथ केली होती. त्याचे त्यांना एकदाच तीनशे रुपये मिळाले. कॅसेट पुढे किती खपली हे त्यांना कुणी कधी कळवले नाही. कलावंतांना ज्यांनी असे वागवले, त्यांची गाणी फुकट घेतली तर बिघडले कुठे? आणखी एक गोष्ट मनात सलते आहे. आमच्या भजनी मंडळात गायला येणाऱ्या एका ताईंनी पदरचे पैसे घालून आठ अभंगांचा अल्बम केला. तो त्या दीडशे रुपयांना देतात. मी तो विकत घेतला आणि आनंदाच्या भरात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये ११० जणी आहेत. सगळ्यांनी खूप कौतुक केले. तेव्हापासून त्या ताई माझ्याशी तुटक बोलतात. मी चोर आहे का? आणि वडिलांची ती जुनी कॅसेट मुलीसाठी मोबाइलमध्ये उतरवून ठेवायची आहे, तेही करू नये का?’

प्रिय ताई,

तुम्ही चोर नाही, आणि हे मी तुमची समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या मुलीने वापरलेला शब्द नेमका नाही; पण तो वापरताना तिला जे खटकले आहे ते खरे आहे, आणि मला वाटते ते तुम्हालाही खटकते आहे, एरवी त्या गायिकाताईंच्या तुटक बोलण्याची आठवण या पत्रात आली नसती. म्हणून आधी शब्दाचा निकाल लावते आणि मग त्या खटकण्याकडे वळते.

चोरी म्हणजे काय हे कायद्याने सांगितलेले आहे. पूर्वी ती व्याख्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे, आणि दोन्हीकडे तिचा गाभा एकच आहे: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने, त्याच्या ताब्यातून काढून घेणे. सायकल चोरीला गेली की मालकाला दुसऱ्या दिवशी पायी जावे लागते. गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणे जिथे होते तिथेच राहते, त्याच्या मालकाच्या कपाटातून काहीही नाहीसे होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ साली हाच प्रश्न आला होता. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या विनापरवाना ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या एका माणसाला चोरीच्या मालाची ने-आण केल्याबद्दल दोषी धरले गेले होते. नक्कल केलेले गाणे हा त्या अर्थाने चोरीचा माल ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने तो दोष रद्द केला. स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, भंग केल्याचा दोष मात्र त्याच्यावर कायम राहिला. आपल्याकडेही या गोष्टीसाठी १९५७ सालचा वेगळा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यात तिला हक्काचा भंग असे म्हटले आहे.

मात्र ‘चोरी नाही’ याचा अर्थ ‘मोकळीक आहे’ असा कृपया घेऊ नका. जाणूनबुजून असा भंग केल्यास त्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून ती कमी करू शकते. हे आकडे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी देत नाही. तुमच्या गाडीतल्या पेन ड्राइव्हसाठी दारात पोलीस उभे राहतील असे मला मुळीच वाटत नाही. परंतु कायद्याने ही गोष्ट किरकोळ मानलेली नाही, एवढे तुमच्या भाच्याच्या कानावर जायला हवे.

आता त्या खटकण्याविषयी. नक्कल करणे वाईट, हा विचार आपल्या मातीत जुना नाही. आपल्याकडे पोथी उतरवून घेणे हे पुण्याचे काम होते. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी वह्यांत उतरवून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले, असे आपण कृतज्ञतेने सांगतो, आणि कुणी ते वाचून मुखोद्गत केले, दिंडीत म्हटले, दुसऱ्याला शिकवले तर त्यात तुकोबांचे काही गेले असे कुणाच्या मनातही येत नाही. परंपरेत दोष ठरला तो सालोमालोचा, कारण तुकोबांच्या अभंगांतली त्यांची नाममुद्रा काढून त्याने स्वतःचे नाव घातले, अशी कथा आहे. म्हणजे आपल्याकडे अभंग घेणे ही चोरी नव्हती, नाव घेणे ही होती. तुमच्या मंडळातल्या ११० जणींना त्या अल्बममध्ये गैर काही दिसले नाही याचे कारण मला इथे दिसते. चांगले गाणे कानावर पडले की ते चार जणींना ऐकवावे, हा आपला संस्कारच आहे, आणि तो चांगला संस्कार आहे.

पण त्याच परंपरेत दुसरीही एक रीत आहे आणि ती आपण विसरतो. कीर्तन सर्वांसाठी खुले असते. शेवटी आरतीचे ताट फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, ज्याला जमत नाही तो नुसता नमस्कार करतो आणि त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही. संगीत नाटकाला मात्र तिकीट असे. कलावंत तोच, पद कदाचित तेच, ऐकणाराही तोच. पण देवळात ताट होते आणि नाट्यगृहाच्या दारात खिडकी होती, आणि यातले काय ठेवायचे हे ज्याने कार्यक्रम मांडला त्याने ठरवायचे असे. ऐकणाऱ्याने मनाशी ‘हे आज कीर्तन समजू’ असे ठरवून तिकिटाच्या खिडकीला वळसा घालायचा नसे. ध्वनिमुद्रित गाण्याचेही मला असेच वाटते. एखादा कलावंत आपले गाणे फुकट ऐकायला ठेवतो, तेव्हा ते निःसंकोच ऐकावे आणि चार जणांना सांगावे. दुसरा त्याची किंमत दीडशे रुपये ठरवतो, तेव्हा ते एक तर दीडशे रुपयांना घ्यावे किंवा घेऊ नये. तिसरा मार्ग काढण्याचा अधिकार आपला नाही.

आणि म्हणून, ताई, तुमच्या मुलीला मी चोरीऐवजी दुसरा शब्द सुचवेन. आपल्या भाषेत कीर्तनकाराला, गायकाला, वादकाला त्याच्या कामाबद्दल जे द्यायचे त्याला बिदागी म्हणतात, आणि एखाद्याचे देणे न देण्याला बुडवणे म्हणतात. शेतावर राबलेल्या माणसाला मजुरी न देता परत पाठवले तर त्याच्या घरातून आपण काही उचलून आणलेले नसते; त्याची विळी-खुरपी त्याच्याकडेच असते, तरीही गाव त्याला अन्यायच म्हणते. विकायला ठेवलेले गाणे पैसे न देता घेणे हे त्या जातीचे आहे. ती बिदागी बुडवणे आहे.

बिदागी या शब्दाशी माझी एक आठवण जोडलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही गणेशोत्सवात भक्तिगीतांचा कार्यक्रम ठेवला होता. मी समितीत होते, म्हणून कार्यक्रम संपल्यावर पाकीट घेऊन आत मीच गेले. गायिका अजून नऊवारीतच होत्या. त्यांनी पाकीट कपाळाला लावले, माझ्यासमोरच उघडले आणि पेटीच्या झाकणावर नोटांचे भाग घालायला सुरुवात केली: हा तबल्याचा, हा पेटीचा, हा टाळवाल्या मुलाचा, हा गाडीभाड्याचा. चार भाग घालून झाल्यावर त्यांच्या हातात जे उरले ते तबलजीच्या भागापेक्षा कमी होते. त्यांनी ते मोजलेही नाही, कमरेच्या पिशवीत ठेवले. बाहेर मंडपाच्या कोपऱ्यात त्यांच्या भाचीने एका टेबलावर त्यांच्या नव्या सीडी मांडल्या होत्या. पन्नास आणल्या होत्या, सहा गेल्या. त्या गावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळत, आणि त्यांची तीच गाणी आदल्या आठवड्यापासून तिथे मिळत होती. लोकांनी त्यांना तसे सांगितलेही, आणि तेही कौतुकाने: ‘ताई, तुमची सगळी गाणी आमच्याकडे आहेत.’ उरलेल्या चव्वेचाळीस सीडी भाचीने एकेक पुसून पुन्हा कापडी पिशवीत भरल्या. गायिका तेव्हा हसून सर्वांना नमस्कार करत होत्या. तुमच्या मंडळातल्या ताईंचे तुटक बोलणे वाचले तेव्हा मला तो हसरा चेहरा आठवला, आणि तुमच्या ताईंनी निदान तुटक बोलून दाखवले हे बरे झाले असे वाटले.

इथे मला माझेही सांगितले पाहिजे. १९८६ मध्ये मी पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होते. आम्ही मैत्रिणी कागदावर पंधरा गाण्यांची यादी करून एका दुकानात देत असू, दुकानदार डबल डेकवर ती सी-६० कॅसेटवर भरून देई आणि आतल्या कागदावर निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात गाण्यांची नावे लिही. त्याचे आम्ही पैसे देत होतो, त्यामुळे आपण काही फुकट घेतो आहोत असे मला कधी वाटलेच नाही. त्या पैशांतला एक पैसाही गाणाऱ्यापर्यंत, लिहिणाऱ्यापर्यंत किंवा चाल लावणाऱ्यापर्यंत गेला नाही हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. बिदागी मी दिली होती, पण ती भलत्याच माणसाला दिली होती. आजही ज्या संकेतस्थळांवरून तुमच्या भाच्याने गाणी उतरवली, ती जाहिरातींतून पैसे मिळवतच असतात. फुकट म्हणतात ते बहुधा फुकट नसते. पैसे फक्त दुसरीकडे वळलेले असतात.

तुमच्या वडिलांविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्याला मी वळसा घालणार नाही, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत सबळ मुद्दा तोच आहे. कलावंतांवर अन्याय झाला, पुष्कळ झाला. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा असतो. पहिले दोन गीतकार-संगीतकारांचे, तिसरा सहसा कंपनीचा. पण करार असे होत की एकरकमी पैसे देऊन सगळेच हक्क कंपनीकडे किंवा निर्मात्याकडे जात. गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे ही मागणी लता मंगेशकर यांनी साठच्या दशकात लावून धरली, तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातल्या मातब्बरांचाही त्यांना विरोध झाला. गायक-वादकांना कायद्याने स्वतःचा असा हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे तुमच्या वडिलांच्या कॅसेटनंतर सहा वर्षांनी. आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला समान वाटा करारानेसुद्धा सोडून देता येणार नाही, तसा करार केला तरी तो निरर्थक ठरेल, ही तरतूद यायला २०१२ साल उजाडावे लागले. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले.

आता पाहा, ही सगळी माणसे काय मागत होती? गाण्याच्या विक्रीतला आपला वाटा. त्यांच्यापैकी कुणीही ‘कंपनी आम्हाला देत नाही, तर तुम्हीही कंपनीला देऊ नका’ असे म्हटले नाही, कारण वाटा मिळण्यासाठी आधी विक्री व्हावी लागते. तुमच्या वडिलांना तीनशे रुपयेच मिळाले हे खरे. पण तेही मिळाले ते त्या कंपनीच्या आधीच्या कॅसेट कुणीतरी दुकानातून विकत घेतल्या होत्या म्हणून. पेन ड्राइव्हवर फुकट उतरलेल्या गाण्यातून पखवाजवाल्याला तेवढेही मिळत नाही. वडिलांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचा राग तुम्हाला आहे आणि तो असावा, परंतु तो राग दुसऱ्या पखवाजवाल्याच्या बिदागीवर निघतो आहे, हे तुम्ही शांतपणे पाहावे अशी माझी विनंती आहे.

यावर तुमचा भाचा म्हणेल की ही चार हजार गाणी आम्ही एरवी विकत घेतलीच नसती, मग कुणाचे काय बुडाले? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक नकलेमागे एक विक्री बुडाली असा जो हिशेब मांडला जातो तो मलाही पटत नाही. चार हजारांतली तीन हजार गाणी तुम्ही कदाचित एकदाही ऐकली नसतील, आणि न ऐकलेल्या गाण्याने कुणाचे नुकसान झाले असे म्हणणे ओढूनताणून होईल. पण जी दोनशे गाणी तुम्ही खरोखर पुन्हा पुन्हा ऐकता, ज्यांच्यावाचून सांगलीपर्यंतचा रस्तासुद्धा जात नाही, त्यांचे काय? ती तुम्हाला हवी आहेत, ती तुम्ही वापरता, आणि ती रीतसर ऐकण्याची सोय आज हाताशी आहे. चाळीस वर्षांपूर्वी मला हवी असलेली पंधरा गाणी एकत्र विकत मिळतच नव्हती. तुमच्या भाच्याला ही सबब उरलेली नाही.

म्हणून पेन ड्राइव्हचे असे करा. मुलीला शेजारी बसवा आणि तुम्ही खरोखर ऐकता त्या गाण्यांची यादी दोघी मिळून करा. यातली बहुतेक तुम्हाला गाण्यांच्या एखाद्या अ‍ॅपवर किंवा यूट्यूबवर त्या कंपनीच्या अथवा कलावंताच्या स्वतःच्या वाहिनीवर सापडतील. जाहिराती ऐकण्याची तयारी असेल तर वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. जाहिराती नको असतील तर महिन्याची वर्गणी भरता येते, आणि गाडीत नेट मिळत नसेल तर ती वर्गणी भरून त्याच अ‍ॅपमध्ये गाणी उतरवून ठेवता येतात. एकदा ऐकण्यामागे हक्कदारांना मिळणारी रक्कम पैशांतच मोजावी इतकी लहान असते, आणि ती फार लहान आहे ही कलावंतांची तक्रार मला रास्त वाटते. तरीही तुमच्या ऐकण्याची नोंद होते आणि त्या नोंदीवर वाटप होते. तेच गाणे यूट्यूबवरून एमपीथ्री करून काढून घेतले की ती नोंदही बंद पडते. यादी झाली की बाकीची गाणी पुसून टाका. मला वाटते तुम्हाला त्यांची आठवणही येणार नाही.

पुसण्याआधी जुन्या गाण्यांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क कायमचा नसतो. ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षांनी तो संपतो, आणि शब्दांवरचा व चालीवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या किंवा चाल बांधणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. उदाहरणार्थ, अण्णासाहेब किर्लोस्करांचे निधन १८८५ साली झाले, त्यामुळे ‘सौभद्रा’तल्या पदांचे शब्द केव्हाच सर्वांचे झाले आहेत, आणि त्यातले एखादे पद बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरून कुणी उतरवून घेतले असेल तर ते ठेवण्यात काहीच गैर नाही. अशा तबकड्या जपून त्यांच्या नकला करणाऱ्या संग्राहकांचे तर आपल्यावर उपकार आहेत. मुंबईत त्यांची एक संस्था १९९० पासून काम करते आहे. पण गाणे जुने आहे म्हणजे ते मोकळे झाले असे नव्हे. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण १९५५ साली सुरू झाले, तरी गदिमांचे निधन १९७७ चे असल्याने त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, आणि सुधीर फडके २००२ साली गेले म्हणून चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. एवढी लांब मुदत असावी का, याविषयी मतभेद होऊ शकतात आणि मलाही ती जरा जास्तच वाटते. आज मात्र ती आहे.

आता त्या अल्बमकडे येते. खरे सांगायचे तर तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, चार हजार गाण्यांपेक्षाही. पेन ड्राइव्हमध्ये जे झाले त्यात तुमचा हात थोडाच आहे, आणि ज्यांचे देणे बुडाले ती माणसे दूरची आहेत. इथे माणूस तुमच्या समोर बसून टाळ वाजवतो. त्यांनी स्टुडिओचे भाडे तासावर भरले असेल, साथीदारांना बिदागी दिली असेल, ध्वनिमिश्रण करणाऱ्याला पैसे दिले असतील. आणि हा खर्च ज्या चार-दोनशे ओळखीच्या घरांतून परत यायचा, त्यातली ११० घरे एका दुपारी तुमच्याकडून त्यांच्या हातून गेली. तुमच्या मनात वाईट काही नव्हते हे त्यांनाही ठाऊक असणार. म्हणूनच त्यांना काही बोलता येत नाही. कौतुकाच्या ११० निरोपांखाली ‘माझे पैसे बुडाले’ असे लिहिणे कुणालाही अवघड जाईल.

कायद्याच्या दृष्टीनेही हे वेगळे आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या न्याय्य वापराला सूट आहे आणि २०१२ पासून ती ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे. परंतु ११० जणींना पाठवलेली प्रत हा कुणाचाही खासगी वापर होत नाही.

तुम्ही त्यांच्याकडे जा. फोन किंवा निरोप पाठवून हे काम होणार नाही. ‘ताई, मी तुमचा अल्बम तुम्हाला न विचारता सगळ्यांना दिला, ते चुकले’ एवढेच म्हणा; उत्साहात झाले, वाईट हेतू नव्हता, ही पुस्ती जोडू नका, कारण ती जोडली की माफी द्यायची जबाबदारी त्यांच्यावर येते. त्यानंतर ग्रुपवरही आपणहून लिहा की हा अल्बम विकत घ्यायचा आहे, मी तो इथे टाकायला नको होता, ज्यांना आवडला त्यांनी ताईंना दीडशे रुपये पोचते करावेत, आणि ज्यांना नको असेल त्यांनी तो पुसावा. दहा जणींनी दिले तरी चालेल. आणखी पाच-सहा प्रती तुम्ही स्वतः विकत घेऊन हळदीकुंकवाला वाण म्हणून दिल्यात तर ते मला फार आवडेल. सगळ्या ११० प्रतींचे पैसे तुम्ही एकटीने भरावेत असे मी म्हणणार नाही, आणि त्या ताई ते घेणारही नाहीत. उलट दोघींमध्ये नवा अवघडलेपणा येईल.

मुलीशी बोलताना तिचा शब्द खोडून काढू नका. तिला इतकेच सांगा की तिचे म्हणणे तुम्ही मनावर घेतले, त्याविषयी विचारले, आणि चोरीपेक्षा नेमका शब्द सापडला आहे. मुले घरात कठोर शब्द वापरतात तेव्हा पुष्कळदा त्यांना मोठ्यांकडून एवढीच पोच हवी असते. भाच्यालाही ओरडू नका. त्याने मावशीसाठी रात्र जागून गाणी गोळा केली, हे प्रेमाचेच काम होते.

राहता राहिली वडिलांची कॅसेट. ती निःशंक मनाने उतरवून घ्या. ती तुमच्या घरात विकत घेतलेली किंवा वडिलांना मिळालेली प्रत आहे, तुम्ही ती घरच्यासाठी उतरवता आहात, आणि खासगी वापराची जी सूट मी वर सांगितली तिच्यात हे सरळ बसते. फक्त ती कुठल्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकू नका, कारण १९८८ च्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०४८ अखेरपर्यंत कुणाचा तरी आहे. लगेच उतरवा हे मात्र आग्रहाने सांगते. इतक्या जुन्या फितीला बुरशी धरते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि बरीच वर्षे न वाजवलेली कॅसेट एकदम लावली तर गुंडाळली जाऊन तुटूही शकते. आधी ती हलक्या हाताने एकदा पुढे, एकदा मागे फिरवून घ्या, डेकचे हेड स्पिरिटने पुसा आणि पहिल्याच वेळी लावताना ध्वनिमुद्रण सुरू ठेवा. दुसऱ्यांदा ती वाजेलच असे धरून चालू नका.

उतरवून झाले की मोबाइल प्रत्येक गाण्याला ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी नावे देईल. ती तशीच ठेवू नका. कॅसेटच्या आतला कागद भिंगाखाली धरा. अशा कागदांवर गाणाऱ्याचे नाव मोठे आणि साथीदारांची नावे अगदी तळाशी, बारीक टाइपात असतात; कधी ती छापलेलीच नसतात, नुसते ‘व इतर’ असते. अभंग कुणाचा, चाल कुणाची, गायले कुणी हे प्रत्येक गाण्यापुढे मुलीकडून लिहून घ्या, आणि पखवाज या शब्दापुढे तिला तिच्या आजोबांचे पूर्ण नाव लिहू द्या.

आपली,
सदरलेखिका